यादीतला पाचवा क्रमांक: मार्गो मॅकडोनाल्ड यांचं प्रकरण

स्कॉटलंडच्या संसदेत एका प्रादेशिक सदस्येला तिच्याच पक्षाने उमेदवारांच्या यादीत खाली ढकललं. ती एकटीने उभी राहिली, पक्षाने तिला काढून टाकलं आणि पुढची अकरा वर्षं ती अपक्ष म्हणून निवडून येत राहिली. या प्रकरणात मला रस आहे तो त्या निर्णयामुळे. एकटं उभं राहिल्याने काय मिळालं आणि काय हातचं गेलं, हे इथे आकड्यांसकट तपासता येतं.

एखाद्या निर्णयाची अशी चिकित्सा करणाऱ्या लेखात सहसा नावं झाकतात. इथे मुख्य व्यक्तीचं नाव झाकण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं सगळं राजकीय आयुष्य सार्वजनिक नोंदींत आहे. पक्षात त्यांच्या विरोधात कुणी मत दिलं, त्यांच्या आजारपणाची गोष्ट बाहेर कशी गेली, यातली नावं मात्र मी घेतलेली नाहीत. निर्णय कसे झाले हे समजायला ती लागतही नाहीत.

पार्श्वभूमी

मार्गो मॅकडोनाल्ड यांचा जन्म १९ एप्रिल १९४३ चा, ग्लासगोजवळच्या हॅमिल्टनचा. त्या व्यायामशिक्षिका झाल्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये ग्लासगोच्या गोवन मतदारसंघात ब्रिटिश संसदेची पोटनिवडणूक लागली. जहाजबांधणीच्या गोद्यांचा हा कामगार भाग म्हणजे मजूर पक्षाचा बालेकिल्ला. तिथे स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (पुढे एसएनपी) तीस वर्षांच्या या उमेदवार ५७१ मतांनी निवडून आल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्या सोनेरी केसांवर रकाने भरले. त्या बोलत होत्या घरांच्या दुरवस्थेवर आणि उत्तर समुद्रातल्या तेलावर.

ही जागा चार महिनेही टिकली नाही. फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या हरल्या. पुढे पक्षाच्या उपनेत्या झाल्या, १९७८ मध्ये हॅमिल्टनची पोटनिवडणूक लढवली, तीही हरल्या. मार्च १९७९ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या विधानसभेच्या बाजूने ५१.६ टक्के मतं पडली, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा होकार हवा, ही अट पुरी झाली नाही. त्या अपयशानंतर पक्षाला डावीकडे नेऊ पाहणारा '७९ ग्रुप' तयार झाला आणि मार्गो त्यात होत्या. १९८२ मध्ये पक्षाने अंतर्गत गटांवर बंदी घातली आणि त्या पक्ष सोडून गेल्या.

म्हणजे २००२ साली यादीत खाली ढकलल्यावर जे झालं ते पहिल्यांदा झालेलं नव्हतं, आणि हे लक्षात ठेवलं पाहिजे. पक्षशिस्त आणि स्वतःचं मत यांत निवड करायची वेळ आली की त्या काय करतात, हे वीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मधली वर्षं त्यांनी पत्रकारितेत आणि रेडिओवर काढली. त्यांचे पती जिम सिलर्स यांनी १९८८ मध्ये एसएनपीतर्फे गोवनचीच पोटनिवडणूक जिंकली. पत्नीने जिंकलेली जागा पंधरा वर्षांनी पतीने जिंकली. पुढे मार्गो पक्षात परतल्या आणि १९९९ मध्ये स्कॉटलंडची नवी संसद भरली तेव्हा लोथियन प्रदेशातून तिथे गेल्या. राजधानी एडिनबर्ग याच प्रदेशात येते.

यादी कशी चालते

पुढचा पेच समजायचा तर ही पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. संसदेत १२९ सदस्य. त्यांतले ७३ मतदारसंघांतून, आपल्याकडच्यासारखे, ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. उरलेले ५६ आठ प्रदेशांतून, प्रत्येकी सात. मतदाराला दोन मतं असतात. दुसरं मत पक्षाला द्यायचं असतं, आणि त्या पक्षाने आपल्या उमेदवारांची यादी क्रमवार आधीच दिलेली असते. प्रादेशिक जागा वाटताना पक्षाच्या मतांना भाग दिला जातो. त्या प्रदेशात पक्षाने मिळवलेल्या जागा, मतदारसंघातल्याही धरून, अधिक एक, असा तो भाजक. म्हणजे मतदारसंघांत भरपूर जिंकणाऱ्या पक्षाला यादीतून कमी मिळतं, आणि तिथे मागे पडलेल्यांची भरपाई होते.

यादीतला क्रम मतदाराला बदलता येत नाही. पक्षाला तीन जागा मिळाल्या तर पहिले तिघे आत, चौथा बाहेर. आपल्याकडे एखाद्याचं तिकीट कापलं की ते गावभर होतं, समर्थक बंगल्यासमोर जमतात, राजीनाम्यांचे गठ्ठे येतात. यादीच्या पद्धतीत तिकीट न कापताही माणसाला घरी बसवता येतं. नाव यादीत असतं, फक्त ते पोचणार नाही अशा जागी असतं.

अडचण

१९९९ मध्ये लोथियनमध्ये एसएनपीला यादीतून तीन जागा मिळाल्या होत्या. २००३ च्या निवडणुकीसाठी पक्षांतर्गत मतदान झालं तेव्हा मार्गो यांचा क्रमांक पाचवा लागला. पाचव्या क्रमांकावरून निवडून यायचं तर पक्षाची कामगिरी आधीपेक्षा कितीतरी चांगली व्हायला हवी होती, आणि वारं तसं अजिबात नव्हतं.

असं का झालं? गेल्या चार वर्षांत त्या पक्षाच्या ओळीत चालल्या नव्हत्या. शिस्तभंगावरून पक्षाशी त्यांचे खटके उडाले होते. संसदेच्या नव्या इमारतीवर त्या सतत बोलत होत्या. १९९७ च्या श्वेतपत्रिकेत या इमारतीचा अंदाज १ ते ४ कोटी पौंडांचा होता, तो फुगत चालला होता. देहविक्रय करणाऱ्या बायकांवर होणारी हिंसा कमी व्हावी म्हणून शहरांना ठरावीक 'सहिष्णुता क्षेत्रं' ठेवता यावीत, असं विधेयक त्यांनी मांडलं होतं. एडिनबर्गच्या लीथ भागात असं क्षेत्र अनौपचारिकपणे चालत होतं, ते बंद पडल्यावर या बायकांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. असा विषय कुठल्याच पक्षाला निवडणुकीच्या तोंडावर नको असतो.

त्यात आजार. १९९० च्या दशकातच त्यांना पार्किन्सन्स (कंपवात) झाल्याचं निदान झालं होतं. ही खासगी बाब निवडणुकीआधी त्यांच्या मर्जीविना बाहेर आली. साठीला टेकलेली, आजारी, पक्षाला नकोशी झालेली उमेदवार, असं चित्र आपोआप तयार झालं.

तोलून पाहिलेले पर्याय

पाचवा क्रमांक मान्य करून पक्षाचा प्रचार करायचा, हा पहिला मार्ग. पक्षनिष्ठा राहिली असती, जागा गेली असती. दुसरा, सन्मानाने निवृत्त व्हायचं. आजाराचं कारण होतं, कुणी बोट ठेवलं नसतं.

तिसरा मार्ग एखाद्या मतदारसंघात अपक्ष लढण्याचा. याचं ताजं उदाहरण समोर होतं. फॉल्कर्क वेस्टचे खासदार डेनिस कॅनावन यांना मजूर पक्षाने १९९९ मध्ये उमेदवारीयोग्य मानलंच नाही. ते तिथेच अपक्ष उभे राहिले आणि मोठ्या फरकाने जिंकले. पण कॅनावन १९७४ पासून त्या भागाचं प्रतिनिधित्व करत होते. गल्लीगल्लीत त्यांचं काम होतं. मार्गो यांना मानणारे लोक सबंध लोथियनमध्ये विखुरलेले होते आणि १९९९ मध्ये एडिनबर्ग साउथ मतदारसंघात त्या मजूर पक्षाकडून हरलेल्या होत्या. विखुरलेल्या पाठिंब्याने मतदारसंघ जिंकता येत नाही.

चौथा मार्ग होता प्रादेशिक मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून उभं राहायचा. लोथियनमध्ये तेव्हा नऊ मतदारसंघ आणि सात प्रादेशिक जागा, एकूण सोळा. या भागाकाराच्या पद्धतीत सतराव्या हिश्शाइतकी मतं, म्हणजे साधारण सहा टक्के, मिळाली की एक जागा जवळजवळ पक्की. ही मतं कुठल्याही एका वस्तीत एकवटायला नकोत. लीथमधली दोनशे, लिव्हिंगस्टनमधली तीनशे, मसलबर्गमधली शंभर, सगळी एकाच खात्यात जमा होतात. शिवाय मतदाराला आपला पक्ष सोडावा लागत नाही. पहिलं मत पक्षाला, दुसरं मार्गोला.

हीच पद्धत पक्षाला माणूस गुपचूप खाली ढकलू देते आणि हीच पद्धत त्या माणसाला परतीचं दारही उघडं ठेवते. हे दार वापरायला मात्र एक गोष्ट लागते. सबंध प्रदेशाने ओळखावं असं नाव लागतं. लोक त्यांना नुसतं 'मार्गो' म्हणत, आडनावाची गरज पडत नसे.

निर्णय आणि निवडणूक

त्यांनी अपक्ष लढायचं जाहीर केलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. १ मे २००३ ला मतदान झालं. त्यांना सुमारे २७ हजार प्रादेशिक मतं पडली, जवळजवळ दहा टक्के. लागत होती त्याहून कितीतरी जास्त. एसएनपीला यादीतून दोनच जागा मिळाल्या, म्हणजे पाचव्या क्रमांकाचं काय झालं असतं याबद्दल शंका उरली नाही. ग्रीन पक्षाला दोन, कॉन्झर्व्हेटिव्हांना एक, समाजवाद्यांना एक आणि सातवी जागा मार्गोंची.

२००७ आणि २०११ मध्येही त्या निवडून आल्या, दोन्ही वेळा १८ ते १९ हजारांच्या घरात मतं घेऊन. २००७ मध्ये दोन्ही मतं एकाच कागदावर छापली होती आणि देशभरात १ लाख ४० हजारांहून अधिक मतं बाद ठरली. अशा गोंधळात यादीच्या शेवटी एकटं नाव असलेल्या उमेदवाराने टिकून राहणं सोपं नव्हतं.

एका मताची किंमत

पहिल्या चार वर्षांत अपक्ष असण्याचा फायदा इमारतीच्या प्रश्नात दिसला. पक्षाचा व्हिप नाही, मंत्रिपदाची आशा नाही, त्यामुळे जे सगळे दबक्या आवाजात म्हणत होते ते त्या सभागृहात म्हणू शकल्या. २००३ मध्ये लॉर्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली या इमारतीची चौकशी बसली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये, तीन वर्षं उशिराने, इमारतीचं औपचारिक उद्घाटन झालं. अंतिम खर्च ४१ कोटी ४० लाख पौंडांच्या आसपास गेला.

खरी किंमत कळली ती २००७ नंतर. एसएनपीला ४७ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ४६. ज्या पक्षाने त्यांना काढलं होतं तोच आता अल्पमतात सरकार चालवत होता आणि त्याला एकेक मत हवं होतं. मार्गोंनी जुना हिशेब काढला नाही. एडिनबर्गला राजधानी असल्याचा जादा भार सोसावा लागतो, त्यासाठी वेगळा निधी मिळावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि अंदाजपत्रकाला पाठिंबा दिला.

२८ जानेवारी २००९ चा बुधवार या सगळ्याचा गाभा दाखवतो. अंदाजपत्रक मतदानाला आलं. बाजूने एसएनपीचे ४७, कॉन्झर्व्हेटिव्ह १६ आणि मार्गो, एकूण ६४. विरोधात मजूर पक्षाचे ४६, लिबरल डेमोक्रॅट १६ आणि ग्रीन पक्षाचे २, एकूण ६४. सदस्य आपापल्या बाकावरचं बटण दाबतात, आकडे येतात. बरोबरी. मग अध्यक्षांचं निर्णायक मत. आहे ती स्थिती कायम राहील असं मत अध्यक्षाने द्यायचं, या प्रथेप्रमाणे ते विरोधात गेलं आणि अंदाजपत्रक पडलं. आठवड्याभराने दुरुस्त्या होऊन ते प्रचंड बहुमताने मंजूर झालं. पण त्या संध्याकाळी एका प्रादेशिक अपक्ष सदस्येशिवाय सरकार बरोबरीपर्यंतही पोचलं नसतं. २००२ मध्ये तिला पाचव्या क्रमांकावर ठेवणाऱ्यांनी हे कल्पलं नसणार.

एकटीचं बळ कुठे संपतं

२००८ पासून त्यांनी ज्या विषयाला हात घातला तो त्यांच्या स्वतःच्या शरीरातून आलेला होता. असह्य आजारात मरणासाठी मदत मागण्याचा कायदेशीर अधिकार असावा, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः तो वापरतीलच असं त्या म्हणत नव्हत्या. शेवट कसा व्हावा हे ठरवायचा हक्क माझा असावा, एवढंच.

सदस्याला स्वतःचं विधेयक मांडायचं तर आणखी किमान १८ सदस्यांचा पाठिंबा लागतो. तो मिळाला आणि जानेवारी २०१० मध्ये विधेयक दाखल झालं. वय १६ पूर्ण, स्कॉटलंडमधल्या डॉक्टरकडे किमान १८ महिने नोंदणी, दोन वेगवेगळ्या औपचारिक विनंत्या, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, असे टप्पे त्यात होते. कुणाला लागू होईल याचे दोन गट होते. एक, मरणासन्न आजार असलेले. दुसरा, शारीरिक अक्षमतेमुळे कायमचे परावलंबी झालेले आणि ज्यांना जगणं असह्य वाटतं असे.

माझ्या मते विधेयक या दुसऱ्या गटावर अडलं. मार्गोंच्या दृष्टीने तो गट वगळणं अशक्य होतं, कारण पार्किन्सन्सचे रुग्ण नेमके तिथे बसतात. पण अपंगांच्या संघटनांना त्यात आपल्या जगण्याची किंमत कमी लेखली जाते आहे असं वाटलं. ती भीती खोटी नव्हती. परावलंबी असणं आणि जगणं नकोसं होणं या दोन गोष्टी कायद्याच्या एका वाक्यात शेजारी बसल्या की परावलंबी माणूस घाबरणारच. धर्मसंस्थांचा आणि बऱ्याच डॉक्टरांचा विरोध होताच. १ डिसेंबर २०१० ला मुक्त मतदान झालं, म्हणजे पक्षाचा व्हिप नव्हता. बाजूने १६, विरोधात ८५, तटस्थ २.

अंदाजपत्रकात एक मत सोन्याचं ठरलं, कारण दोन्ही पारडी समान होती. इथे पारड्याचा प्रश्नच नव्हता, माणसं वळवायची होती. ते काम चहाच्या टेबलावर, पक्षाच्या बैठकीत, जुन्या उपकारांच्या देवाणघेवाणीत होतं. अपक्ष सदस्याला पक्षाची बैठकच नसते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी दुसरं विधेयक आणलं आणि त्यात बरंच बदललं होतं. शेवटची कृती त्या व्यक्तीने स्वतः करायची, दुसऱ्याने नाही. सोबतीला प्रशिक्षित, परवानाधारक साहाय्यक असेल. लागू होण्याची अट मरणासन्न किंवा आयुष्य कमी करणाऱ्या आजाराशी बांधली. तोवर संसदेच्या लांबलचक मार्गिकांतून त्या बॅटरीवरच्या स्कूटरने फिरत होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

पक्षाच्या बाजूने पाहिलं तर चूक मोजण्यात झाली. एखाद्या सदस्याची मतं पक्षाची किती आणि त्याची स्वतःची किती, हे यादी करताना कुणी पाहिलेलं दिसत नाही. वर ठेवलं असतं तर त्रास झाला असता, पण तो घरातला त्रास असता. खाली ढकलल्याने एक जागा बाहेर गेली आणि चार वर्षांनी तिच्याच दारात जावं लागलं.

मार्गोंच्या बाजूने पाहिलं तर अपक्ष लढण्याच्या निर्णयात मला खोट दिसत नाही. विधेयकाबाबत दिसते. दुसऱ्या मसुद्यातली काटेकोर व्याख्या पहिल्याच वेळी आणली असती, आणि अपंगांच्या संघटनांना मसुदा लिहिण्याआधी बोलावलं असतं, तर २०१० मध्ये विजय नसता मिळाला, पण ८५ विरुद्ध १६ इतकं दार बंद झालं नसतं. अर्थात ज्यांच्यापाशी वेळ मोजका असतो त्यांना 'आधी थोडं मागा' असं सांगणं सोपं आहे. ते सांगताना मलाही अवघड वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी मांडत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात प्रादेशिक सदस्याची जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. पक्षाच्या यादीतला पुढचा माणूस येतो. अपक्षाला यादीच नसते, त्यामुळे जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तशीच राहते. आजार माहीत असताना, २०११ मध्ये तरी, दोन नावांची छोटी यादी नोंदवता आली असती. त्यासाठी एक पक्ष काढावा लागला असता आणि पक्षाच्या चौकटीचा तर त्यांना वीट आला होता. शिवाय 'मार्गो' या नावामागे दुसरं कुठलं नाव लिहायचं? मतदारांनी ते स्वीकारलं असतं का, हा प्रश्न उरतोच. तरी हा पर्याय तोलायला हवा होता असं मला वाटतं.

शेवट

४ एप्रिल २०१४ ला एडिनबर्गमध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मार्गो गेल्या. ज्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य घातलं त्याचं सार्वमत साडेपाच महिन्यांवर होतं. त्यात ५५.३ टक्के लोकांनी नकार दिला.

त्यांच्या विधेयकाची सूत्रं ग्रीन पक्षाचे पॅट्रिक हार्वी यांनी हातात घेतली. २७ मे २०१५ ला ते मतदानाला आलं आणि पडलं. पण या वेळी बाजूने ३६ मतं होती, साडेचार वर्षांपूर्वीच्या दुपटीहून जास्त. विरोधात ८२. त्या दिवशी सभागृहात लोथियनचे सहाच प्रादेशिक सदस्य होते. सातवी जागा मे २०१६ पर्यंत रिकामी राहिली.